स्नायू आखडताना सूत्रांमधले आडवे अंतर बदलते का?

शिशिरसांज :

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात स्नायूंच्या आकुंचनाचा पाठ घेताना मी फळ्यावर नेहमीची आकृती काढली : वर शिथिल सार्कोमिअर (स्नायुपेशीतला, दोन झेड रेषांमधला आकुंचन पावणारा एक तुकडा), खाली आकुंचन पावलेला. दोन्हींत मायोसिनच्या जाड सूत्रांची लांबी तीच आणि ॲक्टिनच्या बारीक सूत्रांचीही तीच. फक्त बारीक सूत्रे आत सरकलेली आणि झेड रेषा एकमेकींच्या जवळ आलेल्या. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, दंड आखडला की फुगतो. मग खालच्या चित्रात या रेघांमधली जागा वाढायला नको का?"

आकृती केवळ कल्पना देण्यासाठी असते, असे सांगून मी पुढे गेले. पण उत्तर देताना माझेच समाधान झाले नव्हते. ज्याला ती रेघांमधली जागा म्हणते ते सूत्रांमधले आडवे अंतर, म्हणजे स्नायूच्या लांबीला काटकोनातले अंतर, आकुंचनात खरोखर बदलते का, आणि बदलत असल्यास किती, हे येथील जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

तंतुवाद्य :

तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. मी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि त्यांतली निदान वीस वर्षे मीही तीच आकृती दोन्ही वेळा सारख्याच उंचीची काढत होतो.

अंतर बदलते. कारण समजण्यासाठी आधी एक जुना प्रश्न पाहावा लागेल. सतराव्या शतकापर्यंत असा समज रूढ होता की, मज्जातंतूंतून कोणते तरी सूक्ष्म द्रव्य स्नायूत शिरते आणि त्यामुळे तो पखालीसारखा फुगून आखूड होतो. डच शास्त्रज्ञ यान स्वामरडॅम याने बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला, नळीच्या बारीक टोकाशी पाण्याचा एक थेंब सोडला आणि मज्जातंतू ओढून स्नायू आखडवला. स्नायूचे आकारमान वाढले असते तर थेंब वर सरकायला हवा होता. तो वर सरकला नाही. स्वामरडॅम १६८० मध्ये वारला आणि हे काम त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने छापले गेले, तरी त्यातला निष्कर्ष आजही टिकून आहे : आकुंचनात स्नायूचे एकूण आकारमान जवळजवळ बदलत नाही.

आता हाच नियम एका स्नायुपेशीला लावा. पेशी आखूड झाली आणि तिच्यातले पाणी बाहेर गेले नाही, तर ती जाड झालीच पाहिजे. तिच्या आत जाड सूत्रे षट्कोनी जाळीत रचलेली असतात. पृष्ठवंशी प्राण्यांत प्रत्येक जाड सूत्राभोवती सहा बारीक सूत्रे आणि प्रत्येक बारीक सूत्राभोवती तीन जाड सूत्रे अशी ती बैठक असते. सूत्रांची संख्या तीच राहून पेशीचा छेद वाढला, तर सारी जाळीच पसरणार. छेदाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अंतराचा वर्ग गुणिले सार्कोमिअरची लांबी हा गुणाकार स्थिर राहतो. बेडकाच्या अखंड स्नायूवर १९६० च्या दशकात क्ष-किरणांनी जी मापने झाली, त्यांत हा नियम चांगला जुळला.

थोडे आकडे देतो. बेडकाच्या स्नायूत सार्कोमिअरची लांबी २.२ मायक्रोमीटर असताना जाळीचे अंतर सुमारे ३७ नॅनोमीटर धरा. लांबी १.८ मायक्रोमीटर झाली, तर वरच्या नियमाने ते ४१ च्या जवळ जाते; उलट स्नायू ताणून लांबी ३.० केली, तर ते ३२ च्या आसपास उतरते. म्हणजे लांबीत अठरा टक्के घट झाली की अंतरात साधारण साडेदहा टक्के वाढ होते. तुमच्या फळ्यावर ही वाढ डोळ्यांना सहज दिसेल एवढी आहे.

शंकासुर :

माहितीपूर्ण प्रतिसाद आहे, परंतु माझ्यासारख्या अभियंत्याला पहिला प्रश्न मोजणीचा पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी काहीशे नॅनोमीटर असते, त्यामुळे ३७ आणि ४१ नॅनोमीटर यांतला फरक साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसणे अशक्य आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना वाळवून, रसायनांत बुडवून आणि कापून ठेवावा लागतो. मग जिवंत, आखडणाऱ्या स्नायूत हे अंतर मोजले कोणी आणि कसे?

अर्धवर्तुळ :

हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. मी क्ष-किरण विवर्तनावर काम करतो. स्नायूंवर नव्हे, पण तत्त्व तेच.

नमुना तयार करताना सूत्रे आक्रसतात, म्हणून अंतराच्या बाबतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही, ही शंका रास्तच आहे. ती अडचण ह्यू हक्सली यांनी केंब्रिजमध्ये १९५० च्या सुमारास ओलांडली. ओल्या, जिवंत स्नायूतून क्ष-किरणांचा बारीक झोत जाऊ दिला, तर नियमित अंतरावर रचलेली सूत्रे स्फटिकातील अणूंच्या थरांसारखी वागतात आणि किरण ठरावीक कोनांत वळतात. कोन मोजला की अंतर कळते. मात्र अंतर जितके मोठे, तितका कोन लहान. तांब्याच्या नळीतून मिळणाऱ्या ०.१५४ नॅनोमीटरच्या क्ष-किरणांना ३७ नॅनोमीटरची जाळी जेमतेम पाव अंश वळवते. दोन मीटर दूर पडदा ठेवला, तरी ठिपका मध्यापासून आठ मिलिमीटरवर पडतो. त्या काळी एका चित्रासाठी तासन्‌तास थांबावे लागे, त्यामुळे आखडता स्नायू टिपण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या चित्रातून हक्सलींना आणखी एक गोष्ट मिळाली. मध्यरेषेवर दोन मुख्य ठिपके दिसतात. आतला ठिपका जाड सूत्रांच्या थरांचा असतो, आणि बाहेरच्या ठिपक्यात जाड व बारीक अशा दोन्ही सूत्रांचा वाटा असतो. शिथिल स्नायूत आतला ठिपका ठळक असतो. मृत्यूनंतर ताठरलेल्या स्नायूत बाहेरचा ठळक होतो, कारण मायोसिनची डोकी (जाड सूत्रांतून बाहेर डोकावणारे भाग) जाड सूत्रांपासून दूर होऊन बारीक सूत्रांना चिकटलेली असतात. म्हणजे ठिपक्याची जागा अंतर सांगते आणि त्याची ठळकता वस्तुमान कोठे सरकले ते सांगते.

सरकत्या सूत्रांचा सिद्धान्त १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र लेखांतून मांडला गेला. एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्क यांचा. हे दोन हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांत त्यांना भाऊ केलेले मी वाचले आहे. पुढे १९७० च्या आसपास हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनमधील (अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रातील) क्ष-किरण कीटकांच्या उड्डाण-स्नायूंवर वापरून पाहिले गेले, आणि तेथून तासांचे काम मिलिसेकंदांवर येण्याची वाट मोकळी झाली.

शिशिरसांज :

दोघांचेही आभार. आज सायंकाळी कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब केला. जाड सूत्रांमधले अंतर ३७ नॅनोमीटर धरले, तर षट्कोनी रचनेत जाड आणि बारीक सूत्रांच्या मध्यांतले अंतर ३७ भागिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे २१.४ येते. जाड सूत्राची त्रिज्या साडेसात आणि बारीक सूत्राची चार वजा केली की पृष्ठभागांमधली मोकळी जागा सुमारे १० नॅनोमीटर उरते. हे बरोबर आहे का?

अर्धवर्तुळ :

पद्धत बरोबर आहे, एक पायरी मात्र सुटली. क्ष-किरणांनी मिळणारे ३७ नॅनोमीटर हे शेजारच्या दोन सूत्रांमधले अंतर नसून सूत्रांच्या दोन रांगांमधले लंब अंतर आहे. उसाच्या शेतात दोन सऱ्यांमधले अंतर वेगळे आणि तिरक्या दिशेने एका उसापासून दुसऱ्या उसापर्यंतचे वेगळे, तसेच हे. शेजारच्या दोन जाड सूत्रांमधले अंतर त्याहून थोडे अधिक, सुमारे ४२.७ असते, आणि जाड-बारीक सूत्रांच्या मध्यांतले अंतर मोजलेल्या आकड्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २४.७ येते. त्यामुळे मोकळी जागा १३ नॅनोमीटर उरते. हीच रीत लावून १.८ मायक्रोमीटरला ती सुमारे १६ आणि ३.० ला साडेनऊ-दहा येते. अंतरातला दहा टक्क्यांचा बदल मोकळ्या जागेत जवळजवळ वीस टक्क्यांचा होतो, कारण सूत्रांची जाडी काही बदलत नाही.

तंतुवाद्य :

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मायोसिनचे डोके साधारण साडेसोळा नॅनोमीटर लांब असते. त्याला ॲक्टिनपर्यंत पोहोचायचे असते ते या दहा ते सोळा नॅनोमीटरच्या फटीतून, तेही सरळ उभे राहून नव्हे, तिरके होऊन. डोके एका लवचीक दांडीने जाड सूत्राला जोडलेले असल्यामुळे ते फट लहान-मोठी झाली तरी जुळवून घेते. परंतु पकड कोणत्या कोनात बसते आणि ओढ कोणत्या दिशेला लागते, हे फटीवर अवलंबून राहते.

शंकासुर :

येथे माझी दुसरी शंका. आकारमान स्थिर असण्याचा युक्तिवाद लांबी बदलते तेव्हाच लागू होतो. समजा स्नायूची दोन्ही टोके घट्ट बांधली आणि मग त्याला उत्तेजित केले. लांबी बदलणार नाही, फक्त ताण वाढेल. अशा वेळी जाळीचे अंतर तसेच राहील, असे मानायचे का?

तंतुवाद्य :

बरीच वर्षे तसेच मानले जात होते. या प्रश्नाचे नेमके उत्तर १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये आले. चेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाची एकच अखंड स्नायुपेशी घेतली, तिला विजेने उत्तेजित ठेवले आणि सिंक्रोट्रॉनच्या किरणांनी दर दहा मिलिसेकंदांना जाळीचे अंतर टिपले. पेशी एकसारख्या वेगाने आखूड होऊ दिली तेव्हा जाळी पसरली. हे अपेक्षितच होते. गंमत पुढे आहे. आखूड होणे थांबवून लांबी स्थिर ठेवली आणि ताण पुन्हा चढू लागला, तेव्हा जाळी आक्रसली. उलट पेशी ताणून तेथेच धरून ठेवली आणि ताण हळूहळू उतरू लागला, तेव्हा जाळी पसरली. लांबी तीच असतानाही अंतर ताणाबरोबर बदलत होते.

याचा अर्थ असा की, क्रॉसब्रिज, म्हणजे बारीक सूत्राला चिकटलेले मायोसिनचे डोके, केवळ लांबीच्या दिशेने ओढत नाही. तिरका असल्यामुळे तो सूत्रांना एकमेकांकडेही ओढतो. रहाटाचा दोर सरळ खाली न येता तिरका आला, की तो बादलीबरोबर खांबालाही ओढतो, त्यातला हा प्रकार. त्या प्रयोगात सार्कोमिअरची लांबी २.०५ ते २.२ मायक्रोमीटरच्या दरम्यान होती आणि तेथे ही आडवी ओढ जाळी आवळणारी होती. पेशीपटल काढलेल्या पेशींवरच्या प्रयोगांतून असेही दिसले की, जाळी आधीच पुरेशी दाबलेली असेल, तर तेच क्रॉसब्रिज तिला बाहेर ढकलतात. म्हणजे त्यांना स्वतःचे असे एक पसंतीचे अंतर आहे.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रतिसादात दुरुस्ती करतो. पेशीचे आकारमान स्थिर असते; तिच्या आतल्या जाळीचे आकारमान ताण बदलत असताना काटेकोरपणे स्थिर नसते. पेशीत जाळीबाहेरही पाणी असते, आणि थोडे पाणी जाळीतून तिकडे व तिकडून इकडे जाऊ शकते.

पाटावरवंटा :

मी अन्नतंत्रज्ञानात काम करते. 'पेशीपटल काढलेली पेशी' हा उल्लेख वाचून राहवले नाही, कारण पटल काढल्यावर जाळीचे काय होते हा आमच्याकडे पैशांचा प्रश्न असतो.

पटल काढले की जाळी फुगते. जाड आणि बारीक दोन्ही सूत्रांवर ऋण विद्युत्‌भार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना आवरून धरण्यात पटलाचा मोठा हात असतो. म्हणूनच आकारमान स्थिर असण्याचा नियम हा सूत्रांचा गुण नसून मुख्यतः पटलाचा आहे. ते काढल्यावर तो पूर्वीसारखा लागू होत नाही, आणि जाळी पुन्हा मूळ अंतरावर आणायची असेल तर द्रावणात डेक्स्ट्रानसारखे मोठे रेणू घालून बाहेरून दाब द्यावा लागतो.

मांसाच्या बाबतीत उलट घडते. प्राणी कापल्यावर स्नायूत आम्ल साठते आणि सामू सातच्या आसपासून साडेपाचपर्यंत उतरतो. त्या सामूला सूत्रांवरचा भार बराच कमी होतो, लोटणे मंदावते, जाळी आक्रसते आणि तिच्यातले पाणी बाहेर पडते. परातीत ठेवलेल्या मटणाखाली जे लालसर पाणी साचते, त्यातला मोठा भाग या जाळीतून पिळून निघालेला असतो. उलट मिठाचे प्रमाण पुरेसे असेल तर जाळी पुन्हा फुगते आणि पाणी धरून ठेवते. मीठ लावून मुरवलेले मटण शिजल्यावर कोरडे का पडत नाही, याचे एक कारण हेच. विषयांतर वाटल्यास क्षमस्व.

हृद्गत :

विषयांतर मुळीच नाही. भार आणि पाणी यांच्याशिवाय हे अंतर समजत नाही. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो.

हृदय जितके अधिक भरते, तितक्या जोराने ते आकुंचन पावते. ओटो फ्रांक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि स्टार्लिंग यांनी पुढे दोन दशकांनी सस्तन प्राण्यांच्या हृदयावर हे दाखवले. यातला काही भाग सूत्रांच्या एकमेकांवर येण्यातून समजतो. पण हृदयाच्या स्नायूत लांबी थोडी वाढली की आकुंचन सुरू करणाऱ्या तेवढ्याच कॅल्शियमला तो कितीतरी अधिक ताण निर्माण करतो, आणि एवढी वाढ त्यातून समजत नाही. तेव्हा एक आकर्षक कल्पना पुढे आली : हृदय भरले की सार्कोमिअर लांबतात, लांबले की जाळी आवळते, आवळली की मायोसिनची डोकी ॲक्टिनच्या जवळ येतात आणि चिकटण्याची शक्यता वाढते. आखूड सार्कोमिअरची जाळी डेक्स्ट्रानने दाबली की कॅल्शियमला मिळणारा प्रतिसाद लांब सार्कोमिअरसारखा होतो, असे १९९५ मध्ये मॅक्डॉनल्ड आणि मॉस यांनी दाखवले, तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले.

शंकासुर :

वाटले, म्हणजे सुटला नाही?

हृद्गत :

पूर्ण सुटला नाही. त्या प्रयोगात जाळीचे अंतर अप्रत्यक्षपणे धरलेले होते. २००२ मध्ये कोनहिलास, अर्व्हिंग आणि द टोंब यांनी क्ष-किरणांनी ते प्रत्यक्ष मोजत प्रयोग केला. आखूड सार्कोमिअरची जाळी डेक्स्ट्रानने दाबून लांब सार्कोमिअरएवढ्याच अंतरावर आणली, तरी कॅल्शियमचा प्रतिसाद त्या प्रमाणात वाढला नाही. अंतर तेच, परिणाम मात्र तो नाही.

आज टायटिनकडे अधिक लक्ष दिले जाते. टायटिन हे ज्ञात प्रथिनांतले सर्वांत मोठे प्रथिन झेड रेषेपासून जाड सूत्राच्या मध्यापर्यंत स्प्रिंगसारखे पसरलेले असते. स्नायू ताणला की ते जाळीही आवळते आणि जाड सूत्रावर ताणही देते. त्या ताणामुळे सूत्राला चिकटून पहुडलेली मायोसिनची डोकी कामासाठी मोकळी होतात, असे पुरावे मिळत आहेत. म्हणजे अंतर आवळणे आणि डोकी मोकळी होणे या दोन गोष्टी एकाच ओढीतून होतात, आणि म्हणूनच पहिलीला दुसरीचे कारण समजण्याची चूक सहज घडू शकते. माझे वैयक्तिक मत असे की, अंतराचा वाटा शून्य नाही, पण त्याला मुख्य कारण म्हणण्याचे दिवस गेले.

अर्धवर्तुळ :

हृद्गत यांच्याशी सहमत आहे, मात्र हृदयावरून सर्वच स्नायूंबद्दल अनुमान काढू नये. २०२० मधले एक काम पाहण्यासारखे आहे. एका मोठ्या झुरळाच्या पायात असे दोन स्नायू आहेत की, त्यांना मज्जातंतू सारखेच मिळतात, त्यांचे वस्तुमान सारखे, लांबी आणि ताण यांचा संबंध सारखा, वेग आणि ताण यांचाही सारखा. तरी झुरळ धावताना एक स्नायू केवळ ब्रेकचे काम करतो, तर दुसरा ब्रेकही लावतो आणि पुढे ढकलण्याचे कामही करतो. हा फरक कोठून येतो ते कळत नव्हते. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा विश्रांतीत एकाच्या जाळीचे अंतर दुसऱ्याहून फक्त एक नॅनोमीटर कमी निघाले. लांबी स्थिर ठेवून उत्तेजित केल्यावर हा फरक नाहीसा झाला. धावण्यासारख्या एकाआड एक आकुंचनांत मात्र एकाच्या जाळीत दुसऱ्याहून एक नॅनोमीटर अधिक बदल होत राहिला. कारण आणि परिणाम यांची साखळी एवढ्याने सिद्ध होत नाही, पण दोन स्नायूंत दुसरा काही फरक सापडत नसताना सापडलेला हा एक नॅनोमीटर दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शिशिरसांज :

आपणा सर्वांची ऋणी आहे. आज वर्गात नवी आकृती काढली. खालच्या चित्रात रेघांमधले अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवले आणि बाजूला लिहिले की, टोके बांधलेली असतील आणि केवळ ताण वाढत असेल, तर हे अंतर उलट किंचित कमी होते. दंड फुगण्याचा आणि जाळी पसरण्याचा हिशेब एकच आहे, हे ऐकून ती विद्यार्थिनी खूश झाली. पण तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला. सूत्रे एकमेकांपासून दूर जात असतील, तर झेड रेषेत जी बारीक सूत्रे रोवलेली आहेत, त्यांचे काय? भिंतीत पक्क्या बसवलेल्या खुंट्या अशा कशा सरकतील?

तंतुवाद्य :

तिला सांगा की, झेड रेषा ही भिंत नाही. ती विणलेली चटई आहे. सार्कोमिअरच्या मध्यभागी बारीक सूत्रे षट्कोनी बैठकीत असतात, पण झेड रेषेपाशी येता येता ती चौकोनी बैठकीत बसतात, आणि दोन्ही बाजूंच्या सार्कोमिअरमधली सूत्रे तेथे अल्फा-ॲक्टिनिन या प्रथिनाच्या धाग्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आडव्या छेदात पाहिले तर शिथिल स्नायूत ही वीण लहान लहान चौकोनांची दिसते आणि ताण निर्माण करणाऱ्या स्नायूत टोपलीच्या विणीसारखी. म्हणजे खुंट्यांबरोबर भिंतही सैल-घट्ट होते. षट्कोनातून चौकोनात जाताना सूत्रांना थोडे वाकावे लागते आणि ते वाकणे झेड रेषा व जाड सूत्रांचे टोक यांच्या मधल्या फिकट पट्ट्यात होते. ती आकृती फळ्यावर काढणे कठीण आहे; मी एकदा झाडूच्या काड्या आणि रबरबँड घेऊन ती करून दाखवली होती.